थोडेफार सहमत

"हे दोन्ही फॉर्म एकाच बाईचे आहेत हे मी कसं मानू, मालनबाई?"

डॉ. जया टिपणीसांनी दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक जानेवारीतला, एक फेब्रुवारीतला. दोन्हींवर नाव एकच, सखुबाई, वेसावे कोळीवाडा. चोवीस वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन: पूर्ण सहमत, थोडेफार सहमत, सांगता येत नाही, थोडेफार असहमत, पूर्ण असहमत. जयाबाईंनी लाल पेन्सिलीने जिथे जिथे गोल केले होते, तिथे सखुबाईंनी महिन्याभरात मत फिरवलं होतं. असे तेरा गोल होते.

"एकाच बाईचे आहेत," मालन म्हणाली. "मीच भरलेत. तिच्या ओट्यावर बसून."

"दोन्ही वेळा गेला होतात?"

मालनने उत्तर द्यायच्या आधी पदर नीट केला. प्रश्न सभ्य शब्दांत विचारला होता, पण त्याचा अर्थ तिला कळला होता. दुसऱ्या फेरीला तू गेलीच नाहीस, घाटकोपरला घरी बसून चौकोन भरलेस, असं बाई विचारत होत्या.

"दोन्ही वेळा गेले होते."

अंधेरीतल्या एका कॉलेजच्या मागे, कॅन्टीनच्या वरच्या मजल्यावर हे संशोधन केंद्र होतं. तीन टेबलं, एक टाइपरायटर, एक लोखंडी कपाट. बायकांबद्दल लोकांच्या मनात काय आहे, बायकांना ते किती कमी लेखतात, हे मोजणारी प्रश्नावली जयाबाई तयार करत होत्या. परदेशात अशा प्रश्नावल्या पुष्कळ झाल्या होत्या, मराठीत नव्हती. त्यांनी इंग्रजी वाक्यं मराठीत आणली, आणि ती घेऊन दारोदार जायला दोन माणसं नेमली. एक चंद्रप्रकाश, मालाडला राहणारा, मानसशास्त्रात एम.ए. करणारा शांत मुलगा. दुसरी मालन घाडी, वय त्रेचाळीस, मॅट्रिक पास. आधी सहा वर्षं तिने आरोग्य केंद्रासाठी घरोघरी जाऊन लहान मुलांच्या नोंदी केल्या होत्या. कुठल्याही दारातून ती रिकाम्या कागदानं परत येत नाही, अशी तिची ख्याती होती आणि ती खरी होती.

"बसा," जयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत नसे, उलट रागावल्या की अधिक हळू होई. "माणसाचं मत म्हणजे काही हवा नाही रोज बदलायला. एकाच माणसाला महिन्यानं तेच प्रश्न विचारले, तर उत्तरं साधारण तीच यायला हवीत. नाही आली, तर दोनच गोष्टी असू शकतात. फूटपट्टी वाकडी आहे, किंवा मोजणाऱ्याचा हात. चंद्रप्रकाशच्या साठ घरांची उत्तरं शंभरात चौऱ्याण्णव जुळतात म्हणा. तुमची निम्मीही जुळत नाहीत. फूटपट्टी दोघांना एकच दिली होती."

"हात माझा सरळ आहे, बाई."

"मग काय समजू मी?"

"उद्या माझ्याबरोबर चला. सखुबाईकडेच जाऊ. तुम्ही स्वतः विचारा."

जयाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन महिन्यांनी पुण्याच्या परिषदेत त्यांना हे आकडे मांडायचे होते. एका सकाळचासुद्धा हिशेब त्या करत असाव्यात. मग म्हणाल्या, "साडेआठला या."

संध्याकाळी गुणाजी चाळीच्या गॅलरीत बसून कुळीथ निवडत होता. गिरणी बंद पडल्यापासून तो विक्रोळीच्या एका कारखान्यात गेटवर होता आणि या आठवड्यात त्याची सकाळपाळी होती. मालनने चपला काढल्या त्या आवाजावरूनच त्याला काहीतरी बिनसलंय ते कळलं.

"काय झालां गो?"

"बाई म्हणतत, मी घराक बसान फॉर्म भरलंय."

"मगे?"

"मगे काय. उद्या त्यांका घेऊन जातंय."

गुणाजीने सुपातला खडा बाहेर टाकला. "कायमची नोकरी हा काय ती? सोडून दी."

"सोडीन. पण खोटी ठरान सोडूचंय नाय."

गुणाजीने सूप तिच्याकडे सरकवलं आणि चहाचं आधण ठेवायला उठला.

सकाळी दोघी वेसाव्याला पोचल्या तेव्हा सखुबाई मार्केटला निघायच्या बेतात होती. पाटी भरून ठेवलेली, कासोटा आवळलेला, केसांत अबोलीची वेणी. मालनला बघून तिने पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि ओट्यावर बसली.

"आयलीस गो मालन? तिसऱ्यांदा? ही कोन?"

"आमच्या मोठ्या बाई. तुला काही विचारायचंय त्यांना."

"इचार बाय. पन बेगीन. माझा बोंबील थांबनार नाय."

जयाबाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. त्यांच्या शुद्ध, सावकाश आवाजात त्यांनी सातवं वाक्य वाचलं, "घरातील महत्त्वाचे निर्णय पुरुषांनीच घ्यावेत." मग म्हणाल्या, "जानेवारीत तुम्ही म्हणालात पूर्ण सहमत. फेब्रुवारीत म्हणालात पूर्ण असहमत. हे असं कसं?"

सखुबाईला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"घ्यावं ना त्यांनी. कवा घेतलाय? पोरीचा लगीन मी ठरवला. घरावर कौलं मी घातली. होडीला रंग कंचा, ते पन मीच सांगायचा. आमचा नवरा धर्मा निसता मान हलवतो. मी थकली बाय. घ्यावं त्यांनी एकदा तरी, म्हनून बोलली सहमत."

"आणि मग फेब्रुवारीत?"

"तवा त्यानी घेतला ना निर्णय. मना न इचारता इंजिन खोलाया दिला मढला. अकरा दिवस होडी वाळूत पडली, शेजारच्या सगल्या दर्यावर. तवाच ही आयली कागद घेवन. मी बोलली, नको बाबा, पुरुषांनी नकोच घेवं."

जयाबाई फॉर्मकडे बघत राहिल्या. त्या वाक्याला सहमत म्हणणारी बाई पुरुषांचं वर्चस्व मानते, म्हणून तिला पाच गुण द्यायचे, असं त्यांच्या तक्त्यात लिहिलं होतं. अख्ख्या घराचा कारभार हाकणाऱ्या या बाईला जानेवारीत पाच गुण मिळाले होते.

त्यांनी आणखी एक वाक्य वाचलं. "नवऱ्याच्या आधी बायकोने जेवू नये."

"मी मार्केटमधून येतं तीन वाजता. तो जेवून घोरत असतो. आधी जेवाचा सवालच कुठं?"

"मग तुम्ही सहमत का म्हणालात?"

"हिला काहीतरी लिवाचा होता ना," सखुबाई मालनकडे बोट करून म्हणाली. "एवढी लांबून आयली, उन्हातून. मी बोलली, लिव तुला बरा वाटंल तो. तर ही बोलते, मला बरं वाटायला नको, तुला वाटतं ते सांग. मग मी बोलली सहमत. आता उठू का?"

मालनने पाटी तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला.

दोघी परत बसस्टॉपकडे निघाल्या. सुक्या मासळीचा वास नाकात बसला होता. जयाबाईंनी रुमाल काढला, पण नाकाला न लावता हातातच धरून ठेवला.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"दुसऱ्या फेरीनंतर सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, फक्त चौकोन बघायचे, गप्पा नकोत."

जयाबाईंना ते आठवलं असावं. त्यांनी मान हलवली. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "काल तुम्हाला जे विचारलं, तेही."

बाईंच्या वयाच्या, बाईंच्या शिक्षणाच्या कुणी माणसाने आपली अशी माफी मागितल्याचं मालनला आठवत नव्हतं. "बस आली," ती म्हणाली.

बसमध्ये जागा मिळाल्यावर जयाबाईंच्या मनात पुढचा प्रश्न आला. "मग चंद्रप्रकाशची उत्तरं एवढी जुळतात कशी?"

"ते त्याला विचारा. मी त्याच्या दारात नव्हते."

दुसऱ्या दिवशी मालनच्या समोरच त्यांनी त्याला विचारलं. चंद्रप्रकाशने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

"मी पहिले फॉर्म बरोबर नेले होते, मॅडम. लोकांना घाई असते. मी म्हणायचो, मागच्या वेळी तुम्ही हे सांगितलं होतंत, तेच ठेवू का? ते म्हणायचे, ठेव."

"साठही घरांत?"

"हो. त्यांचा वेळ वाचतो ना."

चंद्रप्रकाशने एकदा जयाबाईंकडे पाहिलं, एकदा मालनकडे, आणि मग त्याचे कान लाल झाले. हुशार मुलगा होता तो. आपण काय करून बसलो ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"माझी नोकरी गेली का?" त्याने विचारलं.

जयाबाई काही बोलायच्या आत मालन म्हणाली, "त्याला दारात कसं उभं राहायचं ते कुणी शिकवलंच नाही, बाई. पुस्तकात नसेल ते."

चंद्रप्रकाश राहिला. चौऱ्याण्णव मात्र गेले. पुण्याच्या परिषदेला जयाबाईंनी पत्र लिहून कळवलं की यंदा त्या काही मांडणार नाहीत. पत्र टाइप करताना त्या दोनदा उठून खिडकीपाशी गेल्या. मालन कपाट आवरत होती, तिने बघितलं आणि आवरत राहिली.

मग एप्रिल ते ऑगस्ट त्या दोघींनी वाक्यांचा कीस काढला. जयाबाई एक वाक्य वाचत, मालन डोळे मिटून ऐके. डोळे मिटले की तिला ओटे दिसत, उंबरे दिसत, भाकरी थापता थापता उत्तर देणाऱ्या बायका दिसत आणि पेपराआडून ऐकणारे नवरे दिसत.

"बाईने नोकरी करावी," जयाबाई वाचत.

"हे नको. आमच्या चाळीत कोण नाही म्हणेल? गिरण्या बंद आहेत. करावीच लागते."

"मग?"

"असं विचारा. नवऱ्याला चांगला पगार आहे, घरात काही कमी नाही, तरी बाईला नोकरी करायची आहे. तिने करावी का? तिथे माणूस थांबतो. तिथे त्याला खरं काय वाटतं ते कळतं."

जयाबाई लिहून घेत. कधी वाद होई. एका वाक्यात 'असावा' हवा की 'असतो' यावर त्यांनी अख्खी दुपार घालवली. मालनचं म्हणणं होतं, 'असावा' म्हटलं की लोक देवळातल्यासारखं बोलतात, आणि 'असतो' म्हटलं की शेजारणीची गोष्ट सांगायला लागतात. आपल्याला हवं ते या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. "मधला शब्द मराठीत नाही," जयाबाई वैतागून म्हणाल्या. "शब्द नसेल," मालन म्हणाली, "पण माणूस उभा करता येतो. एक घर सांगा, त्यातली अडचण सांगा, आणि विचारा, कोणाचं ऐकावं."

नवी वाक्यं तिने रॉकेलच्या रांगेत तपासली. रांगेत दीड-दोन तास कुणालाच काही काम नसे. ती फॉर्म न काढता नुसतं विचारी, "एका घरात असं झालं बघ," आणि आजूबाजूच्या बायका-पुरुष डबे खाली ठेवून भांडायला लागत. ज्या वाक्यावर सगळे एकच उत्तर देत ते ती टाकून देई. ज्यावर भांडण होई ते ठेवी. एकदा एक म्हातारा तिच्यावरच उखडला, "कोणाच्या घरातली भांडणं आणतेस गं रोज?" रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या, मालनही हसली, आणि ते वाक्य ठेवलं.

दारात कसं बसायचं तेही तिने ठरवलं. घरात दोघं असतील तर एकाला चंद्रप्रकाशने बाहेर ओट्यावर घ्यायचं, दुसऱ्याला तिने आत. आधीचा फॉर्म बरोबर न्यायचा नाही. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्यायचा.

डिसेंबरात दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्या. जयाबाईंनी तीन दिवस गणितं केली आणि चौथ्या दिवशी मालनला बोलावलं. या वेळी आकडा ब्याऐंशीच्या आसपास होता, मालनचा आणि चंद्रप्रकाशचा जवळपास सारखाच. सखुबाईने चोवीसपैकी दोनच ठिकाणी मत बदललं होतं.

"चांगलं आहे ना हे?" मालनने विचारलं.

"उत्तम आहे. या फूटपट्टीवर आता भरवसा ठेवता येईल." पण जयाबाईंचा चेहरा तेवढा खुलला नव्हता. त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "फक्त हे बघा. जुन्या फॉर्मवर लोक किती पुढारलेले वाटत होते. नव्या फॉर्मवर तेच लोक..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. "बायकासुद्धा, मालनबाई. शिकलेल्या बायकासुद्धा."

"थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही, बाई. किती आहे ते कळतं."

जयाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "हे मी पुण्याला सांगणार आहे. तुमच्या नावानं सांगणार."

सांगितलं की नाही ते मालनने कधी विचारलं नाही. पण पुढच्या वर्षी केंद्राला मोठं काम मिळालं. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बाराशे घरं, आणि त्यासाठी दहा नवे पदवीधर. त्यांना शिकवायचं काम जयाबाईंनी मालनला दिलं. कुणीतरी कॉलेजात विचारलं म्हणे, मॅट्रिक झालेली बाई बी.ए. झालेल्यांना काय शिकवणार. जयाबाईंनी उत्तर दिलं, "त्यांना विचारून झाल्यावर गप्प बसता येत नाही. मालनबाईंना येतं."

जून महिन्यात मुलुंडच्या एका शाळेत सुट्टीचे शेवटचे तीन दिवस वर्ग मिळाला. बुटक्या बाकांवर आठ मुली आणि दोन मुलगे गुडघे मुडपून बसले होते. पहिले दोन दिवस मालन बोलली. दारात काय म्हणायचं, पाणी दिलं तर प्यायचं, लहान मूल रडलं तर थांबायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चेहरा. समोरचा काहीही बोलला तरी भुवई हलता कामा नये. तुमची भुवई हलली की पुढची सगळी उत्तरं तो तुमच्या भुवईला देणार.

तिसऱ्या दिवशी तिने खुर्ची फळ्यापुढे ओढली. "आज मी दार उघडणारी बाई. कोण येतंय विचारायला?"

सुगंधा नावाची, चष्मा लावणारी, सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी उठली. तिने नमस्कार केला, बसायची परवानगी मागितली, फॉर्म गुडघ्यावर ठेवला. चांगलं चाललं होतं. मालन मुद्दाम तिला छळत होती. कधी प्रश्न परत विचारायला लावी, कधी भलत्याच विषयावर जाई. सुगंधा हळूच परत आणी. मागच्या बाकावरची मुलं हसत होती.

मग सुगंधाने चौदावं वाक्य वाचलं.

"एका घरात मुलगी आणि मुलगा दोघंही हुशार आहेत. घरची परिस्थिती अशी आहे की एकालाच पुढे शिकवता येईल. अशा वेळी मुलाला शिकवावं. तुमचं काय मत आहे?"

मालनने तोंड उघडलं आणि ती थांबली.

हे वाक्य तिने स्वतः शेकडो वेळा वाचून दाखवलं होतं. तिला ते कुणी विचारलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी, गिरण्यांच्या संपाच्या साली, तिची प्रेमा बारावीला पहिल्या वर्गात आली होती, गणितात शंभरात एक्याण्णव. धाकटा लवू दहावी झाला होता, साठ टक्के. गुणाजी म्हणाला होता, तू ठरव, माका कायएक सुचत नाय. आणि तिने ठरवलं होतं. लवू डिप्लोमाला गेला. प्रेमाला तिने स्वयंपाक करता करता सांगितलं, पाठ तिच्याकडे ठेवून. प्रेमा बरं म्हणाली. त्या रविवारी तिने सगळी पुस्तकं कव्हरं काढून, झटकून, शेजारच्या मुलीला देऊन टाकली. आता ती कणकवलीला होती, दोन लेकरांची आई. पत्रांतून सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायची आणि आपलं छान चाललंय म्हणायची.

असहमत म्हणणं सोपं होतं. वर्गाला तेच अपेक्षित होतं. शिवाय ते खोटंही नव्हतं, आजच्या दिवसापुरतं. पण हेच घर, हीच अडचण उद्या परत दारात येऊन उभी राहिली, तर? तिने प्रामाणिकपणे त्या घरात स्वतःला उभं केलं, चुलीपाशी, आणि बघितलं.

मागची मुलं हसायची थांबली होती. बाई नाटक करत नाहीत, हे त्यांना हळूहळू कळत होतं. कुणीतरी बाक सरकवलं. सुगंधा पेन्सिल हातात धरून बसली होती. तिने प्रश्न परत वाचला नाही, सुचवलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही.

"थोडेफार सहमत," मालन म्हणाली.

सुगंधाने खाली बघून चौकोनात खूण केली. वर बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, ना आश्चर्य, ना दया. मालनने तो चेहरा क्षणभर नीट पारखला.

"असंच," ती बाकीच्यांना म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा, शिकवण्याचाच होता. "अगदी असंच बसायचं." मग तिने मांडीवरचा पदर सारखा केला आणि सुगंधाकडे वळली.

"हं, विचार. पुढचं वाक्य."